खंडेनवमीचं रिव्हॉल्वर

पूजलेलं हत्यार उचलायचं नाही, हा तात्यांच्या घरचा नियम. खंडेनवमीला कोयते, विळे, चिकू उतरवायच्या जाळीच्या काठ्या, फवारणीचा पंप, सगळं धुऊनपुसून देवघरात पाटांवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी डहाणूजवळच्या आशागडातल्या त्यांच्या अख्ख्या चिकूवाडीत कुणी गवताची काडीसुद्धा कापत नाही. मजुरांना हा नियम फार प्रिय, कारण सुट्टी मिळते. मलाही प्रिय होता. आता त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, कारण त्याच पाटावर तात्यांचं रिव्हॉल्वरही असायचं.

मी वर्षा. माझी आई सुकी माझ्या जन्माच्या आधीपासून तात्यांच्या चिकूच्या वाडीत कामाला आहे. वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही दोघी राहतो. बाप मी शाळेत असतानाच गेला. आमचं मूळ गाव तलासरीकडे, तिथे हिरीआत्या आहे आणि आमच्या वाट्याचा भाताचा एक तुकडा. तात्या सत्तरी ओलांडलेले, वाडीचे मालक. त्यांचा मुलगा आणि सून वापीला कारखाना बघतात, आणि नातवंडं, ऋषभ आणि मयुरा, आजोबांपाशी वाढली. म्हणजे आम्ही तिघं एकत्रच वाढलो. मयुरा माझ्या वयाची. ऋषभ आमच्याहून थोडा मोठा, त्याला मी चारचौघांत ऋषभदादा म्हणायचे आणि एरवी नुसतं ऋषभ.

ते रिव्हॉल्वर तात्यांच्या वडिलांच्या वेळचं. वाडीत रात्रीच्या चोऱ्या होत म्हणून घेतलेलं. त्यातून एखादी गोळी सुटल्याचं आशागडात कुणी ऐकलेलं नाही. पिक्चरमध्ये पिस्तूल म्हणजे धूर, काचा आणि हिरोची चाल. घरात खरं असेल तर ते म्हणजे कपाट, किल्ली, लायसन्सचं नूतनीकरण, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करणं. तात्या जमा करायला डहाणूला निघाले की मला जीपमध्ये घेऊन जायचे. मला त्या हत्याराचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं ते टेबलापलीकडे बसून त्याचा नंबर तपासणाऱ्या बाईचं. तात्यांसारखा माणूस तिच्यापुढे उभा राहायचा आणि ती त्यांना बसा म्हणेपर्यंत बसायचा नाही. परत येताना एकदा मी म्हटलं, मला अशी बाई व्हायचंय. दुसरा कुणी हसला असता. तात्या म्हणाले, मग पळायला लाग.

तर मी पळायला लागले. वाडीतल्या दोन रांगांमधला रस्ता तात्यांनी माझ्यासाठी साफ करून दिला. सकाळी ते ओट्यावर चहा घेत बसायचे आणि मी समोरून गेले की ओरडायचे, अजून दम आहे, बसू नको. गोळाफेकीचा गोळा त्यांनीच आणून दिला. आमच्या पाड्यावरची माणसं आईला विचारायची, पोरीचं लग्न करायचं सोडून हे काय चाललंय. आई म्हणायची, तात्यांनी सांगलंय. त्यापुढे कुणी बोलायचं नाही. तात्यांचा शब्द आमच्याकडे असा चालायचा.

पोलीस भरतीत दोनदा हुकले. तिसऱ्यांदा जिल्ह्याच्या यादीत माझं नाव लागलं. मैदान झालं, लेखी झाली, मेडिकल झालं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, म्हणजे ठाण्यातून रिपोर्ट जायचा की या मुलीवर काही गुन्हा नाही, वागणूक चांगली आहे. तेवढा रिपोर्ट गेला की ट्रेनिंगचं पत्र. ठाण्यातल्या फौजदार भारती मॅडम भरतीच्या मुलींना सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शन करायच्या, मी त्यांच्याकडे जायचे. त्या म्हणाल्या होत्या, आता फक्त नीट राहा, रस्त्यावर थुंकूसुद्धा नकोस.

आणि खंडेनवमी आली.

पूजा दरवर्षी तात्या करतात. कोयत्यापासून सुरुवात आणि रिव्हॉल्वर शेवटी. त्या दिवशी बाकी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावून झालं, आणि तात्या पाटावरून उठले. मला म्हणाले, "हे तू कर. या घरात हत्याराला हात लावायचा अधिकार आता तुझा." आई दाराशी उभी होती, तिने डोक्यावर पदर घेतला. मी रिव्हॉल्वर डाव्या हाताने धरलं, रिकामंच होतं, गोळ्या कपाटात असतात. उजव्या हाताने नळीवर हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं एक बोट ओढलं. शेवटी बोट घसरलं आणि कुंकू जरा वाकडं गेलं. मयुराने फोटो काढला. खोटं कशाला सांगू, आयुष्यात माझा इतका मान कुणी केला नव्हता. माझे डोळे भरून आले होते.

तो फोटो मी स्टेटसला ठेवला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तासाभरात भारती मॅडमचा मेसेज आला, फोटो काढून टाक, लायसन्स तुझ्या नावावर नाही. मी लगेच काढला. त्यांनी पाहिला होताच. मग संध्याकाळच्या एसटीने मी तलासरीला गेले, कारण हिरीआत्याचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला आलं होतं आणि तिला माणूस मिळत नव्हता. ती रात्र मी आत्याच्या घरी काढली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडलं.

आता ऋषभचं. ऋषभ वाईट मुलगा आहे असं मी अजूनही म्हणणार नाही, पण मोबाईलने त्याचं डोकं खाल्लं होतं. त्याचा रील काढायचा उद्योग होता. जीपच्या बॉनेटवर पाय ठेवायचा, काळा गॉगल, मागे कुठल्या तरी पिक्चरमधला डायलॉग, आणि कमरेतून सावकाश पिस्तूल काढायचं. पिस्तूल म्हणजे लायटर. अच्छाडला हायवेच्या कडेला टपऱ्यांवर मिळतात, घोडा ओढला की ज्योत येते, ट्रकवाले हौसेने घेतात. लोकांना ते कळायचं. कॉमेंटमध्ये लिहायचे, शेठ, विडी पेटवा. ऋषभला ते फार लागायचं. ज्याला घरात सगळे शेठ म्हणतात त्याला बाहेरच्यांनी विडी पेटवायला सांगितलं की कसं होत असेल ते होत असेल.

दसऱ्याच्या दुपारी मी परत आले तेव्हा मयुरा मला विहिरीपाशी घेऊन गेली. हसत होती. म्हणाली, रात्री सगळे झोपल्यावर ऋषभने पाटावरचं खरं उचललं, पहाटे जीप घेऊन समुद्रावर सुरूच्या बनात गेला, रील काढला, आणि तात्या उठायच्या आत परत पाटावर ठेवून फूलसुद्धा वर ठेवलं. तिनेच त्याला दार उघडून दिलं होतं. एरवी ते कपाटात कुलपाखाली असतं, पण पूजलेलं हत्यार उचलायचं नाही, म्हणून त्या एकाच रात्री ते उघड्यावर असतं. तिने मला शपथ घातली, तात्यांना सांगू नकोस. मी रागावले. हे किती महागात पडू शकतं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, चेहरा दिसतो, पण लोकांना लायटरच वाटणार ना? आणि खरं वाटलं तर काय बिघडतंय?"

बिघडलं. रील खूप पसरला, कारण या वेळी कुणाला तो लायटर वाटला नाही. ठाण्यातून ऋषभला बोलावणं आलं. हल्ली अशा रीलवर पोलीस लगेच गुन्हा नोंदवतात, आणि ते बरोबरच आहे. ऋषभ लायटर घेऊन गेला, त्यातून ज्योत काढून दाखवली, माफीचा व्हिडिओ करतो म्हणाला. दुसरा कुणी अधिकारी असता तर प्रकरण तिथे मिटलं असतं. भारती मॅडमनी रील थांबवून मोठा केला. नळीवर हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकवाचं बोट, जरा वाकडं गेलेलं. ते कुंकू त्यांनी आधी पाहिलं होतं.

त्यांनी तात्यांना बोलावलं. हत्यार ताब्यात घेतलं. आणि विचारलं, लायसन्सचं शस्त्र कपाटाबाहेर कसं, आणि ते नातवाच्या हातात कुणी दिलं? तात्यांनी एक दिवस मागून घेतला. ऋषभचं कॅनडाला जायचं चाललं होतं, कॉलेजात प्रवेश झाला होता, फक्त पोलिसांचा दाखला बाकी होता. त्याच्यावर हत्याराचा गुन्हा पडला की दाखला गेला आणि कॅनडा गेलं. त्यालाही तोच रिपोर्ट हवा होता जो मला हवा होता, त्याच ठाण्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला ओट्यावर बोलावलं. मला वाटलं, ते मला विचारणार, पोलिसांपुढे कसं बोलायचं, किती खरं सांगायचं. मी मनाशी ठरवूनही गेले होते की सांगायचं, तात्या, सगळं खरं सांगा, तुमचं वय बघून सांभाळून घेतील. त्यांनी मला चहा दिला. स्वतःच्या हाताने बशी पुढे केली. मग म्हणाले, सोपं आहे. तू म्हणायचं, पूजेनंतर चेष्टा म्हणून तू ते पाटावरून उचललंस, आणि हे घे तुझं लायटर असं सांगून ऋषभच्या हातात दिलंस. त्याला कळलं नाही. पूजा तूच केली होतीस, फोटोही आहे, कुणाला खोटं वाटणार नाही. पोरींनी चेष्टा केली तर कोण फासावर देतंय?

मी चहाचा कप खाली ठेवला. मला आधी कळलंच नाही की ते माझ्याबद्दल बोलतायत. मी म्हटलं, तात्या, माझी पडताळणी आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. पुढच्या भरतीला परत बस, तोवर मी वर कुणाशी तरी बोलून ठेवतो. मी म्हटलं, गुन्हा असला तर पुढची भरतीही नाही. वयही निघून जाईल. त्यांनी माझा कप पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तू सोसशील, वर्षा. तुला मी ओळखतो, तू घट्ट आहेस. ऋषभ नाही सोसणार."

म्हणजे इतकी वर्षं ते ओट्यावर बसून दम आहे, दम आहे म्हणून ओरडत होते ते माझ्यासाठी नव्हतंच का? होतं, माझा अजूनही विश्वास आहे की होतं. पण वेळ आली तेव्हा माझा तो दमच त्यांना सोयीचा पडला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, फक्त मला वाटायचं मी बाळ्यांमध्ये धरलेली आहे. मला इतका राग आला की समोरची बशी उचलून अंगणात भिरकावावी असं वाटलं. मी तसं केलं नाही. मी एवढंच म्हटलं की मी खोटं बोलणार नाही, आणि उठले. तात्यांनी मला अडवलं नाही, आवाज चढवला नाही. चहा तरी संपव, म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला. मी नाही म्हटलं म्हणजे नाही. माझ्या तोंडून जे निघणार नाही ते दुसऱ्यांच्या तोंडून निघू शकतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. पोलीस व्हायला निघालेली मी, आणि एवढं साधं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भारती मॅडमचा फोन आला, ठाण्यात ये. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. तात्यांचा जबाब झाला होता, मुलगी घरातलीच, तिला हत्याराचं फार वेड, पूजेला हात लावू दिला हीच माझी चूक. ऋषभचा झाला होता, वर्षाने लायटर म्हणून दिलं. मयुराचा झाला होता. विहिरीपाशी हसत हसत मला सगळं सांगणारी मयुरा. तिने सांगितलं होतं, दसऱ्याच्या पहाटे वर्षाने ते ऋषभच्या हातात देताना मी पाहिलं.

मी म्हटलं, मॅडम, मी त्या रात्री इथे नव्हतेच. मी तलासरीला होते, हिरीआत्याकडे, संध्याकाळच्या एसटीने गेले आणि दसऱ्याच्या दुपारी आले. आत्याला विचारा, भात कापायला बरोबर होते त्यांना विचारा. मला वाटलं आता मॅडमचा चेहरा खुलेल. त्या तशाच बसून राहिल्या.

"वर्षा, तुझ्या आईचाही जबाब आहे," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, तू त्या रात्री वाडीवरच होतीस. दसऱ्याला सकाळी गेलीस."

मला त्यांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. ऐकू यायला लागलं तेव्हा त्या म्हणत होत्या की त्यांना स्वतःला हे पटत नाही, पण त्यांना पटून चालत नाही. आत्या ही आत्या, नात्यातली. जिच्या घरात तू राहतेस ती सख्खी आईच तुझ्या विरोधात बोलते, तिच्यापुढे आत्याचं कोण धरणार? उद्या येऊन तुझा जबाब दे, म्हणाल्या. तुझं नाव राहील की निघेल ते मला आज सांगता येत नाही. पण गप्प राहिलीस तर नक्की राहील.

आई चुलीशी बसली होती, बोंबलाचं कालवण शिजत होतं. मला बघून तिने ताट घेतलं. मी विचारलं, तू असं का सांगितलंस? ती ताटात भात वाढायला लागली. माझ्या डोक्यात एकच विचार होता आणि मी त्याला धरून बसले होते, की तात्यांनी हिला फसवलं असणार. हिला सांगितलं असणार की पोरीला काही होणार नाही, नुसतं साहेब ओरडतील आणि सोडून देतील. बिचारीला कायदा काय माहीत. मी तेच विचारलं. म्हटलं, तुला त्यांनी सांगितलं ना, की माझी नोकरी जाणार नाही?

"नाय," आई म्हणाली. "जाईल म्हणून सांगलं. लपवलं नाय त्यांनी."

मी खाली बसले.

मग ती बोलली. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, मी तिच्या पोटात आडवी झाले होते. सुईण म्हणाली होती, दोघींतली एकच राहील, नाहीतर तीही नाही. माझा बाप पाड्यावर गाडी शोधत फिरत होता. तात्यांना कळलं तेव्हा त्यांच्या घरी पाहुणे बसले होते, त्यांना तसंच टाकून त्यांनी जीप काढली, तिला स्वतः उचलून आत ठेवलं, सीटचं वाटोळं झालं ते बघितलं नाही, आणि डहाणूच्या दवाखान्यात पोचवलं. तिथे डॉक्टर येईपर्यंत ओरडत उभे राहिले. "त्या मानसाला मी म्हातारपणी जेलात घालू? तो काल माझ्या दारात येऊन बसला, वर्षा. इतक्या वर्षांत पयल्यांदा बसला. म्हनाला, सुकी, मी तुजकडं कदी काय मागलं नाय."

खरंच मागितलं नव्हतं. मी ते नाकारत नाही. आईला वाटलं असेल, एवढ्या मोठ्या माणसाने हात पसरला तर आपण काय द्यायचं, आपल्याकडे आहे काय. आणि मग तिला आठवलं असेल की आपल्याकडे एक गोष्ट आहे, पोरीची नोकरी. मला हे सगळं समजत होतं आणि समजत होतं म्हणून जास्त जळत होतं. मूर्खपणाने केलं असतं तर मी तिला माफ केलं असतं.

"उपकार तुझ्यावर होते ना, आई? मग तू फेडायचे होतेस," मी म्हटलं. "माझं उचलून का दिलंस?"

"तुजं आनि माजं काय येगळं हाय?" ती म्हणाली.

तिने हे मायेने म्हटलं होतं, मला ठाऊक आहे. आमच्या घरात कधीच काही वेगळं नव्हतं, एक चादर, एक ताट. पण मैदानावर पळताना माझे पाय होते, तिचे नव्हते. परीक्षेला बसले ती मी. यादीत नाव लागलं ते माझं. आयुष्यात पहिल्यांदा फक्त माझी म्हणावी अशी एक गोष्ट मला मिळाली होती आणि ती तिने मला न विचारता, घरातली टोपलीभर वस्तू शेजाऱ्याला द्यावी तशी देऊन टाकली. तात्यांनी केलं ते नातवासाठी. मयुराने केलं भावासाठी. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर निदान सुळावर चढवणारे परके असावेत. ते कालवण मी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डहाणूला निघाले तेव्हा आई बरोबर निघाली. मी बोलावलं नव्हतं. ती रिक्षात माझ्या शेजारी बसली, ठाण्यात माझ्यामागे आली, आणि भारती मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. मला वाटलं, कदाचित ती आत येईल, म्हणेल की मी खोटं बोलले. मी दोनदा मागे वळून पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मॅडमनी पहिल्यापासून विचारलं. पूजा कुणी सांगितली, हत्यार कुठे ठेवलं, मी कधी निघाले, एसटीत ओळखीचं कोण होतं, मयुरा विहिरीपाशी काय म्हणाली. मी सगळं सांगितलं. तात्यांनी ओट्यावर काय म्हटलं तेही सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. हे सांगताना मला रडू येईल अशी भीती होती, पण आलं नाही. मॅडम लिहीत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता तुझ्या आईचं," त्या म्हणाल्या. दार उघडं होतं, त्यांनी ते बंद केलं नाही. "ती म्हणते तू घरी होतीस. तू म्हणतेस नव्हतीस. म्हणजे तुझी आई पोलिसांना खोटं बोलली, असं तुझं म्हणणं आहे का? विचार करून सांग. लिहिलं की ते तिच्यावरही येऊ शकतं. मला तुझं एवढंच गाळताही येईल, पण मग बाकीचं पोकळ होईल."

बाहेर आईने पदर गुंडाळायचं थांबवलं होतं. ती सरळ माझ्याकडे बघत होती. नाही म्हण, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. हो म्हण, असंही नव्हतं. जत्रेत हरवलेलं मूल कुणीतरी नाव घेईल म्हणून बघतं, तशी बघत होती. तिच्याइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलेलं नाही आणि तिच्याइतकं मला कुणी लुटलंही नाही. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी मॅडमकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हटलं.

मॅडमनी लिहिलं. मग नियमाप्रमाणे सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी आलं, माझी आई सुकी हिने दिलेला जबाब खोटा आहे. त्या वाक्याला मॅडमचा आवाज खाली आला, पण बाकावर ऐकू जाण्याइतका होता. मी सही केली. मी विचारलं, रिपोर्ट काय जाईल? त्या म्हणाल्या, सध्या तपास चालू असंच जाईल. या वेळचं ट्रेनिंग हातचं गेलं असं समज. पुढचं मी बघते, पण मला वेळ लागेल.

बाहेर आल्यावर आईने एवढंच विचारलं, झालं का. मी हो म्हटलं. आम्ही रिक्षास्टँडपर्यंत चालत गेलो. आशागडची रिक्षा भरत आली होती, मागे दोघींची जागा होती. आई आधी चढली आणि रोजच्यासारखी आत सरकून बसली, माझ्यासाठी जागा करून. मी खालीच उभी राहिले. समोर तलासरीची एसटी लागलेली दिसत होती.

"नाय येत?" तिने विचारलं.

"आत्याकडे जाते."

"मग घरी कदी येशील?"

"ते घर तात्यांचं आहे, आई," मी म्हटलं. "तुझं घर झालं की सांग."

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात टोपलीवाली एक बाई आली, रिक्षावाल्याने आईला आणखी आत सरकायला सांगितलं, आणि ती सरकली.